एका गच्चीपुरता अंदाज

उद्या ऊन किती पडेल हे सांगायचा मला पगार मिळतो. बेळगावात एका छोट्या ऑफिसात बसून आम्ही आसपासच्या सोलर प्लांटना रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा अंदाज पाठवतो. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे करायचे, आणि प्रत्येक तुकड्यात जमिनीवर किती ऊन पोचेल, त्यातून किती वीज निघेल, हे लिहून द्यायचं. त्यावरून वीजवाले ठरवतात की उद्या दुसरीकडून किती वीज घ्यायची. उपग्रहाची चित्रं, वरच्या वाऱ्याची दिशा, हवेतली वाफ, धूळ, उसाचे फड पेटवले की उठणारा धूर, सगळं धरावं लागतं. लग्नकार्यात कुणी विचारलं, ‘काय काम करतीस गं?’ तर मी यातलं काही सांगत नाही. कारण सगळं ऐकून घेतल्यावर समोरचा माणूस हमखास विचारतो, ‘मग आज पाऊस पडंल का?’ या प्रश्नानं माझं डोकं फिरतं. पाऊस हे माझं खातं नाही. मी उन्हाची माणूस आहे.

पण गेल्या पावसाळ्यात आमच्या घरातच एक गिऱ्हाईक तयार झालं. ते रोज सकाळी चहाच्याही आधी विचारायचं, ‘आज कवा दिसंल?’ ते गिऱ्हाईक म्हणजे माझी आई.

आईचा सगळा जन्म कोगनोळीच्या अलीकडच्या आमच्या गावात गेला. वडील गेल्यावर ती तिथंच माझ्या मोठ्या भावाकडं राहिली. त्याला आम्ही अण्णा म्हणतो. मी बेळगावात एकटी राहते. गेल्या वर्षी आईची शुगर फार वाढली, पायाची जखम भरेना, तेव्हा अण्णा तिला माझ्याकडं घेऊन आला. इथले डॉक्टर चांगले, दवाखाना घरापासून जवळ. आषाढी एकादशी तोंडावर आली होती. चार महिने राहू दे, जखम भरली की दिवाळीनंतर परत नेतो, असं ठरलं. त्या धांदलीत तिच्या नेमाचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नाही.

चातुर्मासात तिच्या वयाच्या बायका काही ना काही नेम धरतात. कुणी वांगं सोडतं, कुणी पानावर जेवतं, कुणी जेवताना बोलत नाही. मला ही नोकरी लागली त्या वर्षी आईनं नेम धरला की चार महिने सूर्याचं बिंब बघितल्याशिवाय अन्न तोंडात घालायचं नाही. हे कशाला, असं मी विचारलं होतं. तेव्हा ती म्हणाली, ‘तुझं पोट त्याच्यावर चालतंय न्हवं? मग मी त्याला बघून खाल्लं तर काय बिघडतंय?’ मी हसले होते. शिकलेल्या मुली आईच्या असल्या गोष्टींना हसतात तशी. पण तिनं तो नेम दरवर्षी पाळला. तो माझ्यासाठी होता, हे मात्र कधी पुन्हा बोलून दाखवलं नाही.

गावाकडं या नेमाचा तिला त्रास असा काहीच नव्हता. निपाणीपासून पुढं पूर्वेला, सदलग्याच्या अंगाला पाऊस असा एकदम बसत नाही. सर येते, जाते, मध्ये ढग फाटतात आणि दिवसातून एकदा तरी सूर्य तोंड दाखवतो. आई परड्यातल्या तुळशीशी तांब्या घेऊन उभी राहायची, धारेतून त्याच्याकडं बघायची आणि आत येऊन भाकरीला हात घालायची. बेळगावची गोष्ट वेगळी. इथं खानापूरच्या रानावरून ढग येतात आणि शहरावर बसतात. आषाढात आठवडाच्या आठवडा कपडे वाळत नाहीत, चपलांना बुरशी धरते, दुपारीही स्वयंपाकघरात दिवा लावावा लागतो. नेम धरताना आईनं आभाळ गावाकडचं धरलं होतं आणि पाळायची वेळ आली ती बेळगावच्या आभाळाखाली.

पहिले काही दिवस निभावले. मग झड लागली. सूर्य दिसला नाही तर त्या दिवशी अन्न नाही, फक्त पाणी आणि दूध. दूध हे अन्न नव्हे, असं तिनंच कधीतरी ठरवलेलं, तेवढाच आधार. डॉक्टरांनी बजावलं होतं की जेवण आणि गोळ्या यांच्या वेळा चुकता कामा नयेत, पोट रिकामं ठेवून गोळी घ्यायची नाही आणि गोळी टाळायचीही नाही. आई मान डोलवून घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी निव्वळ पाण्याबरोबर गोळी घेऊन बसली. मी ऑफिसातून आले तर ती भिंतीला टेकून बसलेली, अंगाला दरदरून घाम, हात थरथरतायत, जीभ जड झालेली. मी साखरेचं पाणी तिच्या ओठाला लावलं. ते मात्र ती प्यायली. मग मी तिच्यावर ओरडले. आजारी माणसावर ओरडू नये हे मला कळतं, पण भीती वाटली की माझा आवाज चढतो.

‘सोड की आता त्यो नेम,’ मी म्हणाले. ‘मला नको असला नेम. माझ्यापायी तू मेलीस तर मी काय करू?’

‘कुणी मरत न्हाय. वरडू नगंस,’ ती म्हणाली. ‘मध्येच सोडला तर पयल्यापास्नं केला त्योबी वाया.’

अण्णाला फोन लावला. तो म्हणाला, ‘हिकडं आत्ताच दिसलाय बघ. दाखवू का आईला?’ आणि त्यानं व्हिडिओ कॉल केला. आईनं मोबाईलच्या पडद्यावर चमकणारा तो ठिपका पाहिला, हात जोडले, आणि म्हणाली, ‘ह्यो तुला दिसलाय, मला न्हाय.’ मग मी तिला ऑफिसचं उपग्रहाचं चित्र दाखवलं. सगळे ढग पांढरेशुभ्र, त्यांच्यावर लख्ख ऊन. म्हटलं, हे बघ, सूर्य आहेच, फक्त मध्ये ढग आहेत. तिनं चित्र नीट डोळ्यांजवळ धरून पाहिलं. ‘हे वरनं काढलंय,’ ती म्हणाली. ‘मी खाली हाय.’

बोलून उपयोग नव्हता, म्हणून मी कामाला लागले. आमच्या धंद्यात उन्हाचे दोन भाग धरतात. एक थेट येणारं ऊन, ज्यानं सावली पडते. दुसरा, ढगांतून आणि हवेतून पसरत पसरत खाली येणारा उजेड. आभाळ पूर्ण भरलेलं असलं तरी हा दुसरा उजेड असतोच, आणि पॅनेलला तोही चालतो. वीज कमी निघते, एवढंच. आईला तो चालत नव्हता. तिला बिंब हवं होतं, म्हणजे थेट ऊन हवं होतं, निदान पातळ ढगातून तबकडी दिसेल इतपत. मी संध्याकाळी घरी बसून एक वेगळा अंदाज तयार करायला लागले. सोलर प्लांट कैक एकरांवर पसरलेला असतो. एका कोपऱ्यात सावली आली तरी दुसऱ्या कोपऱ्यात ऊन असतं, त्यामुळं चुका एकमेकींत मिसळून जातात. एका घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी उभ्या राहिलेल्या एका बाईला सूर्य दिसेल की नाही, हे सांगायच्या भानगडीत शहाणा माणूस पडत नाही. ढगातलं भोक गल्ली सोडून पलीकडच्या गल्लीवरून गेलं की संपलं.

पण मी पडले. उपग्रहाच्या लागोपाठच्या चित्रांवरून ढग कुठून कुठं सरकतायत ते बघायचं, त्यातली फट शोधायची, ती आमच्या घरावर कधी येईल ते काढायचं. ऑफिसात प्लांटचं काम उघडं ठेवून शेजारच्या खिडकीत मी आमचं घर लावून ठेवलेलं असायचं. फट येताना दिसली की फोन करायचा. ‘आई, वर जा. पश्चिमेकडनं मोकळं येतंय.’ ती तांब्या घेऊन जिना चढायची. जखमेच्या पायानं, कठडा धरत.

पहिल्यांदा तो अंदाज बरोबर आला तेव्हा दुपार कलायला लागली होती. मी फोन कानाला लावून ऑफिसच्या जिन्यात उभी. पलीकडं आईचा श्वास ऐकू येत होता, टाकीतून पाणी गळल्याचा आवाज येत होता. मग ती एकदम म्हणाली, ‘आला गं, आला!’ आणि फोन तसाच कठड्यावर ठेवून तिनं पाणी सोडलं. पाणी फरशीवर पडल्याचा आवाज मी इकडं ऐकला. मला इतका आनंद झाला की मी जागेवर येऊन शेजारच्या मुलाला चहा पाजला. नोकरीतल्या इतक्या वर्षांत माझा अंदाज बरोबर आला म्हणून कुणी जेवलं, असं कधी झालं नव्हतं.

त्यानंतर तिचा माझ्यावर विश्वासच बसला. मी म्हणाले, ‘आज नाही,’ तर ती वर जायची नाही, दूध पिऊन पडून राहायची. गल्लीतल्या बायकांना सांगायची, ‘आमच्या पोरीला इचारून उगवतोय त्यो.’ मी वरवर चिडायचे आणि आतून फुगायचे.

श्रावणात एकदा अशी झड लागली की सलग तीन दिवस नुसत्या दुधावर गेले. आईचे गाल आत गेले. त्या रविवारी सकाळी मी चित्रं पाहिली. बेळगाववर दिवसभर काही आशा नव्हती, पण उत्तरेला संकेश्वरच्या पुढं ढग विरळ होत होते. मी भाकरी, भेंडीची भाजी, दही बांधून घेतलं, आईला गाडीत बसवलं आणि हायवेला लागले. काकती गेलं, हत्तरगी गेलं, काचेवरचे वायपर काही थांबेनात. आई पदर आवळून बसलेली. मी सारखी मोबाईलवर चित्र बघायचे आणि ती म्हणायची, ‘रस्त्याकडं बघ, त्याच्याकडं मी बघती.’ संकेश्वर सोडलं तसा पाऊस थांबला. तवंदीच्या घाटाच्या आधी रस्त्याचा रंग बदलला, झाडांना सावल्या आल्या. मी गाडी कडेला घेतली. आई उतरली, बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन सोडलं, आणि तिथंच गाडीच्या दारात बसून भाकरी खाल्ली. घाई नाही, वखवख नाही, एकेक घास सावकाश. शेजारी भाजलेल्या शेंगा विकणाऱ्या बाईनं विचारलं, ‘ऊटा आतेनरी?’ जेवण झालं का? आईला अशी कानडी ऐकली की बरं वाटतं. ‘ईग आत्री,’ ती म्हणाली. आत्ताच झालं. येताना ती गाडीत झोपली. ढगात परत शिरताना मला वाटलं, आता काही भीती नाही. बेळगाववर दिसला नाही तर निपाणीला नेईन, निपाणीला नाही तर सदलग्याला. आपल्याकडं नकाशा आहे, गाडी आहे, आपण तिला उपाशी मरू देणार नाही.

भादव्यात पाऊस ओसरला, आणि नेमके तेव्हाच माझे अंदाज चुकायला लागले.

आधी एखाददुसरा चुकला. मी म्हणाले होते, दहाच्या सुमाराला दिसेल. संध्याकाळी विचारलं तर आई म्हणाली, ‘उजेड व्हता. बिंब न्हवतं.’ मी म्हटलं, वरचा पातळ ढग असेल, उपग्रहाला तो नीट दिसत नाही. मग दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. कधी ती सांगायची, ‘दुपारच्याला जरा दिसला.’ कधी म्हणायची, ‘पांढरं पांढरं हाय सगळं, धुकं पडल्यावाणी.’ आमच्या ऑफिसच्या छतावर ऊन मोजायचं यंत्र आहे, काचेच्या अर्ध्या गोळ्याखाली बसवलेलं. ते थेट ऊन चांगलं दाखवत होतं. पण ऑफिस शहराच्या त्या टोकाला आणि घर या टोकाला. मी म्हटलं, मधल्या अंतरात फरक पडत असेल, घराकडं तलाव आहे, सकाळची वाफ असेल. कारण शोधायला बसलं की कारणं मिळतातच.

नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी सांगते की कॉम्प्युटरवरचं मॉडेल काहीही म्हणो, जमिनीवर काय दिसलं ते खरं. जमिनीवरचं आणि मॉडेलचं जमत नसेल तर मॉडेल दुरुस्त करायचं, जमिनीशी वाद घालायचा नाही. आई म्हणजे माझं जमिनीवरचं निरीक्षण होतं. म्हणून ती जे सांगेल त्याप्रमाणं मी घरचा अंदाज दुरुस्त करत गेले. बिंब दिसायला किती थेट ऊन लागतं ती मर्यादा वाढवली, मग आणखी वाढवली. होता होता माझा अंदाज असा झाला की चांगल्या उघड्या दिवशीही तो म्हणायला लागला, आज बिंब दिसणं अवघड आहे. आणि आई संध्याकाळी म्हणायची, ‘बरोबर हाय तुझं. न्हाय दिसला.’ अंदाज जुळायला लागला म्हणून मी सुटकेचा श्वास सोडला, आणि आई पुन्हा दुधावर आली.

आमच्या धंद्यात एक अडाणी अंदाज असतो. उद्या आजच्यासारखंच. त्याला काही अक्कल लागत नाही, उपग्रह लागत नाही, आणि तरी कितीही हुशार मॉडेल केलं तरी आधी त्याला या अडाण्याला हरवून दाखवावं लागतं. आईच्या बाबतीत मी तोच लावून बसले होते. काल होती तशीच आज, आज आहे तशीच उद्या. ती तांदूळ डोळ्यांनी निवडायची सोडून बोटांनी चाचपून निवडायला लागली होती. टीव्ही लावला तरी खिडकीकडं तोंड करून नुसता ऐकायची. हे मला दिसत होतं आणि मी म्हणत होते, वय झालं.

खंडेनवमीला आमच्या ऑफिसात दुपारी पूजा असते. कॉम्प्युटरना गंध-फूल, आणि छतावरच्या त्या यंत्रालाही एक झेंडूचं फूल, मात्र काचेला हात न लावता, हा माझा दम असतो. सकाळ मोकळी होती, म्हणून त्या दिवसांत पहिल्यांदाच मी तिच्या वेळेला घरी होते. आई म्हणाली, ‘चल वर, आज तू बी हाईस.’ ती तांब्या घेऊन पुढं, मी मागं. जिन्यात ती एकेक पायरी पायानं चाचपत होती.

गच्चीवर आलो आणि मी डोळे मिटून घेतले, इतकं ऊन होतं. तीन महिने ज्याच्यासाठी मी आभाळ विंचरलं, ते तिथं सगळीकडं सांडलेलं. टाकीच्या वर सूर्य, एकही ढग नाही, पार क्षितिजापर्यंत निळं. दोरीवरच्या कपड्यांच्या सावल्या फरशीवर अशा पडलेल्या की त्यांचे चिमटेसुद्धा मोजून घ्यावेत. आई पूर्वेकडं तोंड करून उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला, तांब्या दोन्ही हातांत धरला. ती थांबली. मी वाट बघत होते तिनं पाणी सोडायची.

‘अजून न्हाय आला,’ ती म्हणाली.

मी वर पाहिलं. खरं सांगते, मी आधी ढगच शोधला. इतकी सवय झाली होती. कुठं एखादा पातळ पापुद्रा असेल, जो मला दिसत नसेल आणि तिला दिसत असेल. मग मी तिच्याकडं पाहिलं. तिच्या सगळ्या तोंडावर ऊन पडलेलं होतं, कपाळावर, नाकावर, उघड्या डोळ्यांवर. ती त्याच्याकडंच तोंड करून उभी होती आणि त्याची वाट बघत होती.



‘किती येळ लागंल?’ तिनं विचारलं.

‘आई,’ मी म्हणाले. ती वळली. माझ्या आवाजात तिनं काय ऐकलं कुणास ठाऊक. तिनं तांब्या खाली ठेवला, कठडा हातानं शोधला आणि धरला.

‘तुला दिसतोय?’

‘व्हय.’

‘आत्ता?’

‘आत्ता दिसतोय, आई. लख्ख हाय. ढग न्हाय कुठं.’

खाली गल्लीत कुणीतरी मोटारसायकल धूत होतं, मडगार्डला हार बांधायची गडबड चालली होती. मग ती हळूच म्हणाली, ‘मला वाटलं, औंदा पाऊसच सरंना.’

मी तिला जवळ घेतलं आणि रडले. ती रडली नाही. तिला बहुतेक आतून थोडं थोडं कळत होतं, पण बेळगावचं आभाळ तिला ओळखीचं नव्हतं, आणि त्यात माझा अंदाजही रोज सांगत होता की आज दिसणार नाही. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला आणि मी तिच्यावर. दोघींनी मिळून एक मोठा ढग तयार केला आणि त्याच्याखाली ती उपाशी बसली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून, बाहुल्या मोठ्या करून बराच वेळ तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण ते सोपं आहे, असं ते म्हणाले. अवघड आहे ते मागं. शुगरनं पडद्यावरच्या बारीक नसा खराब झाल्या आहेत, आत रक्त उतरलंय. उजव्या डोळ्याचं फारसं काही हाती लागणार नाही. डाव्यात थोडं उरलंय, ते टिकवायचा प्रयत्न करू, इंजेक्शन द्यावी लागतील. ‘पण शुगर अशी वरखाली झाली तर माझे हात बांधलेले आहेत,’ ते म्हणाले. ‘वेळेवर जेवण, वेळेवर गोळी. एवढं तुम्ही सांभाळा, बाकीचं मी बघतो.’ मी त्यांना नेमाचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडं पाहिलं, आणि काय काम करता, असं विचारलं. मी सांगितलं. त्यांनी चष्मा परत लावला आणि पहिल्या इंजेक्शनची तारीख लिहून दिली.

घरी आल्यावर मी आईपुढं बसले. कार्तिकी एकादशीला अजून बरेच दिवस होते. मी म्हणाले, आता तरी सोड. देवाला काय दिसत नाही का?

‘तू बघ,’ ती म्हणाली. ‘वर जाऊन तू बघ आन् मला सांग. मी जेवीन.’

‘अण्णानं फोनवर दाखवला तेव्हा चाललं न्हाय तुला.’

‘तवा माझं डोळं व्हतं,’ ती म्हणाली.

असं आमचं सुरू झालं. रोज सकाळी आम्ही दोघी गच्चीवर जायचो. ती माझा कोपर धरून उभी राहायची, मी सूर्याकडं बघायचे, ‘दिसला’ म्हणायचे, ती पाणी सोडायची. उघडे दिवस होते, खोटं बोलायची वेळच आली नाही. डाव्या डोळ्यात पहिलं इंजेक्शन झालं, शुगर थोडी ठिकाणावर आली. मला वाटलं, कार्तिकीपर्यंत असंच निघून जाईल.

दिवाळीच्या पुढं-मागं अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला. ऑफिसात आम्हाला तो आधीच दिसला होता. पहिला दिवस आईनं दुधावर काढला, कारण मी सांगितलं, नाही दिसला. दुपारी शुगर तपासली तर यंत्रातला आकडा फार खाली गेलेला, मी तिला साखरेचं पाणी पाजलं. संध्याकाळी मी ऑफिसात बसून दुसऱ्या दिवसाचा अंदाज स्वतः तयार केला. बेळगावपासून चिकोडीपर्यंत कुठं नेऊन दाखवावं अशी एक फटही नव्हती. थेट ऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत शून्य. मी तो तपासला, पुन्हा तपासला, आणि पाठवून दिला. तसा पक्का अंदाज फार क्वचित येतो.

सकाळी गच्चीवर वारा सुटला होता. आभाळ खाली आलेलं, राखाडी, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं. आईनं माझा कोपर धरला.

‘आलाय का गं?’

‘आलाय,’ मी म्हणाले. ‘टाकीच्या वर हाय. लख्ख.’

तिनं पदर डोक्यावर घेतला, तांब्या उचलला आणि धार सोडली. पाणी वाऱ्यानं तिच्याच पायांवर उडालं. तांब्या रिकामा झाल्यावर तिनं तो माझ्याकडं दिला आणि उजवा हात पुढं केला. तवा तापलाय का बघायला धरतात तसा, तळवा पालथा करून. तसाच तिनं तो धरून ठेवला. वारा गार होता. माझ्या अंगावर काटा आला होता, तिच्या दंडावरचा मला दिसत होता.

‘व्हय की,’ ती म्हणाली. ‘लई कडक पडलंय आज. चल, वाढ मला.’